गंधारावरची चिकटपट्टी

जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी कीबोर्डच्या पट्ट्यांवर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरात खालच्या खोलीत भाड्याने राहायला आला.

माझा स्वभाव कामं मार्गी लावण्याचा. सकाळी यादी करायची, ती फ्रीजवर चुंबकाखाली अडकवायची आणि रात्री झोपण्याआधी सगळ्या ओळी खोडलेल्या पाहायच्या, यात मला जे सुख मिळतं ते इतरांना देवळात मिळत असावं. ऑफिस, घर, आणि आमच्या वस्तीतल्या संगीत मंडळाचं चिटणीसपद, हे तिन्ही मी यादीच्या जोरावर सांभाळते. अशा बाईच्या घरात असा भाडेकरू यावा, हा काय न्याय झाला?

खोली पाहायला येणारे लोक पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, असं विचारतात. हे गृहस्थ खोलीच्या मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "घेतो जी." नळ उघडूनसुद्धा पाहिला नाही. तो गळत होता. पुढे मीच दुरुस्त करून घेतला, कारण त्यांची त्याबद्दल काही तक्रारच नव्हती. थेंब चांगला पडतो म्हणे.

आमच्या घरात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. 'खालचे' एवढंच. खालचे साठीच्या आसपासचे, सडपातळ, अर्ध्या बाहीच्या शर्टातले, एकटे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला होता. कामठी, भंडारा, गोंदिया, जिथे लग्न आणि मांडव तिथे हे, दोन्ही हातांनी भरभरून कॉर्ड दाबत. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. गाण्याच्या पाठीमागे तो असला की गाणं गादीवर बसल्यासारखं वाटतं. तर जन्मभर गाद्या घातलेल्या या माणसाला उतारवयात गादीचा तिटकारा आला होता.

"पंगतीत वाढपी होतो मॅडम मी," ते एकदा म्हणाले. "जो बसला त्याच्या पानात सगळंच वाढलं. कोणी मागो का न मागो. आता एक-एक वाढून राहिलो."

हे एक-एक वाढण्याचं काम ते पायाने करत. त्यांच्याकडे एक पेडल होतं, चपटं, हाताच्या पंजाएवढं. ते दाबलं की त्यानंतर जे वाजवाल किंवा माइकमध्ये म्हणाल ते यंत्र धरून ठेवतं आणि पुन्हापुन्हा वाजवत राहतं. त्यावर दुसरा थर टाकायचा, मग तिसरा. याला लूप म्हणतात. एकटा माणूस असं थरावर थर टाकत लोकांसमोर अख्खी मैफल उभी करू शकतो. मी फोनवर असल्या मैफली पाहिल्या. तिथली तरुण मुलं घटकाभरात दहा जणांचा वाद्यवृंद वाजत असल्याचा भास करतात. खालच्यांकडे तेच यंत्र होतं, कीबोर्ड होता, डोक्यात ऑर्केस्ट्राचं सगळं भांडार होतं. आणि ते वाजवायचे काय? एक सा. बराच वेळाने पंचम. मग परत बराच वेळ काही नाही.

चप्पल काढून, अनवाणी अंगठ्याने ते पेडल दाबत. चपलेने दाबलं तर सुराला धक्का बसतो, असं त्यांचं मत. पेडल ठेवायचे जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, कीबोर्ड गुंडाळायचे जुन्या गोधडीत, आणि वाजवताना तो ठेवायचे कपड्यांना इस्त्री करायच्या टेबलावर. इस्त्री मात्र त्यांच्याकडे नव्हती, ती ते माझी मागून नेत.

चिकटपट्टीचं कारण मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ज्या पट्टीत वाजवायचं असेल तिच्यातल्या गंधारांवर ते ती लावून ठेवत, कोमलवरही, शुद्धवरही. सवयीने बोट जाते, म्हणाले. सा आणि पंचम दोघंच असले की सूर मोकळा राहतो, काहीच ठरलेलं नसतं. मधला गंधार घातला की कॉर्ड पुरा होतो आणि लगेच ठरून जातं, गाणं हसणार की रडणार. इतर वाजवणाऱ्यांचं ठीक आहे, ते पुढच्या क्षणी कॉर्ड बदलतात. लूपमध्ये तसं होत नाही.

"एकदा घातला ना, का मंग तो जात नाही," ते म्हणाले. "पाहुणा नाही तो, घरजावई आहे. मंग घरातल्या सगळ्याइले त्याच्या तोंडाकडे पाहूनच बोला लागते."

मी म्हटलं, मग घालूच नका. त्यावर ते दुखावले. कॉर्ड त्यांना आवडतो, फार आवडतो. म्हणूनच तर जपून.

हा जपून वापरण्याचा आजार कीबोर्डपुरता असता तर मी बोलले नसते. चहात आलं घातलं तर वेलची घालायची नाही. जेवायला भाकरी असली की भात नाही. दिवाळीत मी फराळाचं ताट खाली पाठवलं, तर त्यांनी त्या दिवशी फक्त चकली खाल्ली. दुसऱ्या दिवशी लाडू. मग मध्ये एक दिवस नुसता गेला, कारण लाडवाची चव अजून होती. माझं चांगलं स्टीलचं ताट दिवाळी उलटून गेली तरी खालीच अडकून पडलं. मी मागायला गेले तर त्यात एक करंजी शिल्लक होती आणि ते तिच्याकडे पाहत बसले होते.

माझ्या यादीवरसुद्धा त्यांनी शेरा मारला. इस्त्री परत करायला आले होते, फ्रीजसमोर उभे राहून सगळी यादी वाचली आणि म्हणाले, लई भरली. एखादी ओळ रिकामी ठेवत जा.

"कशासाठी?" मी विचारलं.

"येईल ना कोणी."

अशा माणसाशी काय बोलणार?

पण या सगळ्यापेक्षा त्रासाची होती त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत. एखादा तुकडा जमला असं वाटलं की ते तो लूपमध्ये टाकत, सुरू ठेवत, खोलीला कुलूप लावत आणि पिशवी घेऊन भाजीला निघून जात. खाली बंद खोलीत तेच दोन सूर फिरत राहत, वर मी पोळ्या लाटत असे. ते रमतगमत परत येत, दारात उभे राहून कान लावत, आणि मगच ठरवत की तुकडा ठेवायचा की पुसायचा. जाऊन येईस्तोवर कंटाळा यायला नको, असा नियम. मी विचारलं, कंटाळा कुणाला? तुम्ही तर बाजारात असता. तर म्हणाले, खोलीला.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर या प्रकाराने माझ्याइतकेच वैतागले होते. कुंपणाच्या भिंतीवरून रोज तक्रार. आवाज मोठा नव्हता, पण संपत नव्हता, आणि न संपणारी गोष्ट माणसाला छळते. मे महिन्यात एके दुपारी लाइट गेली. गल्लीतले सगळे कूलर बंद पडले, पंखे थांबले, आणि खालचंही थांबलं. खालचे अर्थातच भाजीला गेलेले. मी सुटकेचा श्वास सोडते तोच भिंतीवरून पोस्टमास्तरांचं डोकं वर आलं.

"ते काहून बंद झालं जी?" ते म्हणाले. "मी त्याच्यावर शब्दकोडं सोडवून राहिलो होतो."

त्या दिवसापासून मी एकटी पडले.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. डीजे नको, काहीतरी शांत, हलकं हवं, असं ती म्हणत होती. शांत म्हटल्यावर मला खालचे आठवले. हिंगणा रोडवरच्या हॉलमध्ये सकाळी ते मोपेडवर गोधडी बांधून वेळेवर हजर झाले, चप्पल काढली, एक सा लावला. तो फिरू लागला. लोक येत होते, नमस्कार चालले होते, सा फिरतच होता. नवऱ्या मुलाचे मामा अखेर पुढे गेले आणि टेस्टिंग अजून किती वेळ चालणार, असं विचारलं. खालच्यांसमोर माइक होता, आणि तो चालू होता.

"हे टेस्टिंग नाही जी," सगळ्या हॉलला ऐकू आलं. "हेच आहे."

अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले. कॉर्ड नाही. आता देतील, मग देतील, म्हणून मी खांबाशी ताटकळत उभी. जेवणं सुरू झाली, अर्धे लोक ताट घेऊन उभे, आणि कुणाचंही लक्ष नसताना एकदम एक कॉर्ड आला. भरलेला, गोल. थोडा वेळ राहिला आणि हळूहळू विरला. मग परत सा.

घरी येताना मी त्यांना झापलं. अंगठीच्या वेळी का नाही? तो क्षण होता ना?

"अंगठीच्या वेळी तर टाळ्या वाजून राहिल्या होत्या," ते म्हणाले. "मुलीची आई सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसली ना जी, तवा दिला."

मला तिचं बसणं दिसलंही नव्हतं. तिलाही कॉर्ड ऐकू आला नसावा, कारण पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठीच हे लिहायला बसले.

माझी मोठी बहीण, ताई, दोन गल्ल्या सोडून राहते. ती शाळेत संगीत शिकवायची. फार मोठी गायिका होती असं मी म्हणणार नाही, पण तिने गळा उघडला की माणसं हातातलं काम ठेवत. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तिच्या मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळं नीट पार पडलं, बोलण्याचा आवाज पहिल्यासारखा झाला. गाण्याचा मात्र नाही. बाकीचे सूर लागत. गंधार लागत नसे. तो शुद्ध आणि कोमलच्या मध्ये कुठेतरी राहायचा.

"माझा गंधार जिन्यात अडकतो," ती हसून सांगायची. "वरच्या मजल्यावर पोचत नाही आणि खालच्यावर परत जात नाही."

हसून सांगायची, पण गाणं तिने सोडलं. मंडळात येई, सतरंज्या घाली, नव्या बायकांना तालाला बसवी. गायला सांगितलं की पाणी आणायला उठे. माझ्या मुलाने एका वाढदिवसाला तिचं गुणगुणणं फोनवर घेतलं होतं. तिने ते त्याच्यासमोर बसून पुसायला लावलं. स्वतःचा आवाज तिला ऐकायचा नव्हता. मी बरेच उपाय केले. एक्सरसाइज शोधून दिले, डॉक्टरांची वेळ घेतली, चार्ट करून दिला. उपयोग नाही.

आणि मग एका हिवाळ्यात, वार्षिक कार्यक्रमाची जुळवाजुळव चालू असताना, ती आपण होऊन म्हणाली की एक गाणं म्हणेन. तिने शाळेसाठी बांधलेलं सकाळचं गाणं. फळा पुसून ठेवा, खिडक्या उघडून ठेवा, असं साधंच आहे. वर्षानुवर्षं मुलं ते वर्ग भरताना म्हणत. मी काही बोलले नाही, बोलले असते तर तिने विचार बदलला असता. कार्यक्रमाच्या यादीत तिचं नाव पेनने लिहिलं. बाकी सगळी पेन्सिलने असतात.

अडचण अशी की मंडळाचे नेहमीचे कीबोर्डवाले मुलाकडे पुण्याला गेले होते. शोधाशोध केली, कुणी मोकळं नव्हतं. नाइलाजाने मी जिना उतरून खालच्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या तालमीला आमचे अध्यक्ष येऊन बसले. अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर, सज्जन, पण रिकामी जागा दिसली की त्यांना बेचैन होतं. सा आणि पंचम त्यांनी दोन-चार फेऱ्या ऐकले आणि हात वर केला. हे काय आहे, विचारलं. कार्यक्रम भरगच्च पाहिजे, लोक रविवारची सकाळ देऊन येतात. त्या चिकटपट्ट्या काढा आणि नीट वाजवा.

मला वाटलं होतं खालचे वाद घालतील. त्यांनी खाली वाकून एक-एक चिकटपट्टी नखाने सोडवली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वाजवायला लागले. खरं सांगते, तसं वाजवणं मी जवळून कधी ऐकलं नव्हतं. कॉर्डांवर कॉर्ड, खोली भरून गेली. अध्यक्ष मान डोलावू लागले. माझी मान त्यांच्याआधी डोलत होती. चला, एक काम मार्गी लागलं.

ताईने गाणं सुरू केलं. 'खिडक्या उघडून ठेवा' ही ओळ गंधारावर थांबते. ती तिथे आली, तिचा तो जिन्यातला गंधार लागला, आणि पाठीमागे लूपमध्ये बसलेला कॉर्ड आपला ठाम गंधार घेऊन उभा होता. दोघांची टक्कर आम्हा सगळ्यांना ऐकू आली. ती थांबली. परत सुरुवात केली, परत तिथेच. कॉर्ड फिरतच होता, त्याला काय. तिसऱ्या वेळी ती त्या ओळीपर्यंत गेलीच नाही. मानेवरच्या स्कार्फवर हात ठेवला, पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

"माझं नाव काढून टाक," ती मला म्हणाली.

स्कूटरवर घरी येताना ती मेथीच्या भावाबद्दल बोलत होती. मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

त्या संध्याकाळी खालचे न बोलावता वर आले. असं ते कधी करत नसत. दारातच उभे राहून म्हणाले, उद्या ताईंना जेवायला बोलवा, मी पेडल घेऊन येतो. मी फार चिडलेली होते. म्हटलं, एवढं कळत होतं तर अध्यक्षांना तेव्हाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगून पटत नाही, ऐकून पटते. ते माझ्या बहिणीच्या जिवावर का ऐकवायचं, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणघरात इस्त्रीचं टेबल उभं राहिलं. चिकटपट्ट्या परत गंधारावर बसल्या होत्या. ताई आली, कीबोर्ड पाहून तिचा चेहरा उतरला, पण पाहुण्यासारखी बसून राहिली. खालच्यांनी सा टाकला. मग पंचमासाठी अंगठा पेडलवर टेकवला आणि नेमकी त्याच क्षणी माझ्या कुकरची शिटी झाली. ताईसाठी आणलेला माइक त्यांच्यासमोर चालू होता. शिटी लूपमध्ये गेली.

झालं. सा, आणि शिटी. सा, आणि शिटी. मी म्हटलं, पुसा ते. त्यांनी मान तिरकी केली, दोन फेऱ्या ऐकलं.

"पंचमाच्या जवळच आहे जी," ते म्हणाले. "राहू द्या."

ताईला हसू आलं. आधी ओठ दाबून, मग मोकळं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्रत्येक फेरीला शिटी येई आणि ती नव्याने हसे. त्या हसण्यातच तिने गाणं सुरू केलं, चेष्टेने, कुकरच्या साथीवर. फळा पुसून ठेवा. खिडक्या उघडून ठेवा. गंधार आला, तसाच, मधला, अर्ध्या जिन्यातला. पण या वेळी तिथे दुसरं कोणी नव्हतं. खाली सा होता, वर पंचम म्हणून ती शिटी होती, आणि मधली जागा रिकामी होती. तिचा सूर तिथे गेला आणि बसला. चूक आहे की बरोबर, असा प्रश्नच उरला नाही. विचारणारं तिथे कोण होतं?

ताई हसायची थांबली. तिने ती ओळ परत म्हटली.

"तुमचा गंधार कुठे आहे ते तुमीच सांगा ताई," खालचे म्हणाले. "मी जागा ठेवतो."

मी गॅस बंद करायला उठले तर त्यांनी हातानेच खाली बस अशी खूण केली. माझ्या घरात, मला. वरण करपलं. तो कुकर मी पुढे किती घासला ते मलाच माहीत.

अध्यक्षांची समजूत काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तेही अगदी अडून बसणारे नव्हते. एक तरी कॉर्ड हवा, एवढ्यावर तडजोड झाली. खालच्यांनी मान्य केलं. कोणत्या ओळीला, मी विचारलं, कारण मला ते कार्यक्रमपत्रिकेच्या माझ्या प्रतीत लिहून ठेवायचं होतं. आला का देतो, एवढंच उत्तर मिळालं.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. आम्ही आलेल्यांना संत्री दिली होती, त्यामुळे सगळीकडे सालींचा वास. दुपारी त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी बारसं होतं. त्यांचा पाळणा बाहेर व्हरांड्यात येऊन पडलेला, आणि हॉलचा माणूस दारातून मला घड्याळ दाखवत होता. ताईचं गाणं शेवटी. त्यानंतर आभार, आणि संपलं.

खालच्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. सा. मग पंचम, या वेळी खरा. ताई माइकसमोर उभी राहिली. मी विंगेत होते, आणि मला तिच्या पदराचं टोक हलताना दिसत होतं. पहिली ओळ नीट गेली. दुसरी आली, गंधार आला, त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत उतरला. लोक ऐकत होते. पुढची कडवी झाली. कॉर्ड काही येत नव्हता, आणि अध्यक्ष पहिल्या रांगेतून माझ्याकडे पाहू लागले.

शेवटचं कडवं. ताईने शेवटचा 'ठेवा' गंधारावर लांबवला, आणि मी पाहिलं, खालच्यांचा अंगठा पेडलवर गेला. हात मात्र कीबोर्डवर नव्हते. दोन्ही मांडीवर होते.

ताईचा श्वास संपला, ती थांबली. आणि तिचा गंधार परत आला. यंत्राने तो धरून ठेवला होता. खाली सा, वर पंचम, मध्ये ताई. तो कॉर्ड होता. कबूल केलेला एक.

ज्या बाईने स्वतःचा आवाज फोनमधून पुसायला लावला, तिला न विचारता, भर हॉलमध्ये, तिचाच आवाज तिच्यासमोर आणून ठेवला होता. आणि तो संपणारा नव्हता. मी एक पाऊल पुढे टाकलं. ती आता निघून जाईल आणि परत कधी गाणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

खालच्यांनी काय केलं? चप्पल घातली आणि ते स्टेजवरून उतरले. मधल्या वाटेने चालत, कुणाकडे न पाहता, दारातून बाहेर गेले. पिशवी तेवढी हातात नव्हती.

ताई स्पीकरकडे वळली. तिने एक फेरी ऐकली. दुसरी ऐकली. स्कार्फवर गेलेला हात खाली आला. मग तिने त्या आवाजाच्या खालून, हळू, गाण्याची पहिली ओळ म्हणायला घेतली. वर्ग भरताना मुलांबरोबर म्हणायची तशी. फक्त या वेळी समोर मुलं नव्हती, तीच होती. दोघी मिळून त्यांनी सगळं गाणं परत म्हटलं.

हॉलचा माणूस माझ्यापाशी आला, मी त्याला गप्प राहा म्हणून खूण केली. गाणं संपलं तरी तो कॉर्ड फिरतच होता. टाळ्या झाल्या, संपल्या, फिरतच होता. मला ते यंत्र बंद करता येत नव्हतं. मी स्टेजवर जाऊन इकडेतिकडे बटण शोधू लागले. ताई म्हणाली, राहू दे गं जरा.

एवढ्यात खालचे दारात दिसले, हातात चहाचा कागदी कप. तिथेच थांबले, मान तिरकी करून ऐकलं.

"कंटाळा आला का?" तिथूनच त्यांनी ताईला विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

आता ते आमच्याकडे नाहीत. नरखेडच्या बाजूला बहिणीच्या गावी गेले. तिथे संत्र्याच्या बागेतल्या पंपाच्या आवाजावर पंचम लावत बसतात, असं कोणीतरी सांगितलं, आणि यात अतिशयोक्ती असेल असं मला वाटत नाही. माझी इस्त्री जाताना ते घेऊनच गेले. खालच्या खोलीत आता एक बँकवाला मुलगा राहतो. नळ, पाणी, गाडी, सगळं विचारून आला. काही त्रास नाही.

ताईला आधी विचारायला हवं होतं, हे माझं मत मी त्यांना त्याच दिवशी सुनावलं आणि ते आजही तसंच आहे. ताई त्यावर काही बोलत नाही. त्या सकाळी मी आभार मानायला माइक हातात घेतला तेव्हासुद्धा तिचा आवाज फिरतच होता, आणि मला त्याच्यावरून बोलणं भाग होतं. मग ताईने शांतपणे चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाच्या अंगठ्याने पेडल दाबलं. पुढच्या फेरीला तिच्या गंधारावर माझे आभार परत आले.